बोटभर उंचीचे मावळे

दिवाळीत मुले करतात त्या मातीच्या किल्ल्यावर मांडायचे मावळे वर्षातले जेमतेम पंधरा-वीस दिवस उजेडात असतात. उरलेले वर्ष ते माळ्यावर, बुटांच्या खोक्यात नाहीतर बिस्किटांच्या जुन्या डब्यात, वर्तमानपत्राच्या तुकड्यांत गुंडाळलेले पडून असतात. सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज, दोन्ही बाजूंचे चोपदार, घोडेस्वार, ढाल-तलवारवाले मावळे, तोफ आणि तिच्यामागचा गोलंदाज, तुतारीवाला, अंबारीतला हत्ती, गुहेत ठेवायचा वाघ, डोक्यावर घागर घेतलेली गवळण, भाजीवाली, वासुदेव, वारकरी असा तो सरंजाम असतो. पुण्याकडे त्यांना किल्ल्यावरची चित्रे म्हणतात. दर दिवाळीला चार नवी येतात, दोन फुटतात आणि एखादा मावळा तलवार तुटलेली असूनही पुढच्या वर्षी पहाऱ्यावर उभा राहतो. युरोपात आणि अमेरिकेत धातूचे रंगवलेले सैनिक, त्यांतही क्रुसेडच्या, म्हणजे मध्ययुगीन धर्मयुद्धांच्या, काळातले चिलखती सरदार, जमवण्याचा छंद मोठ्या आस्थेने जोपासला जातो. किल्ल्यावरचे मावळे हा त्याच जातीचा संग्रह आहे आणि तो तेवढ्याच आस्थेला पात्र आहे.

पुण्याजवळच्या आकुर्डीत हा संग्रह घरोघरी कसा पोचला हे कळायला गावाची वाढ पाहावी लागते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झाले, पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखाने उभे राहिले आणि आकुर्डीत बजाजची स्कूटर बनू लागली. कामासाठी सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, सोलापूर, मराठवाडा, खानदेश अशा सगळीकडून माणसे आली. ज्यांच्या गावी किल्ला करायची पद्धत होती त्यांनी ती बरोबर आणली. ज्यांच्याकडे नव्हती त्यांची मुले शेजारच्या ओट्यावरचा किल्ला पाहून शिकली. प्राधिकरण वसाहतीतल्या बंगल्यांना आणि चाळींना पुढे थोडी तरी मातीची जागा होती. आता सोसायट्यांच्या आवारात सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत. तरी किल्ला होतोच. पार्किंगच्या एका कोपऱ्यात विटा रचल्या जातात, जवळच्या बांधकामावरून मुरूम आणि दगड येतात, लाल माती नर्सरीतून पिशवीने विकत आणली जाते. सहामाही परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी मुले मातीत असतात.

किल्ल्याचा सांगाडा विटा, दगड आणि रिकाम्या खोक्यांचा. त्यावर गोणपाट चिखलाच्या राड्यात भिजवून पसरतात. सुकताना त्याला ज्या सुरकुत्या पडतात त्याच डोंगराच्या सोंडा आणि घळी होतात, आणि हाताने कितीही कोरले तरी तितका खरा डोंगर साधत नाही. मातीवर अळीव किंवा मोहरी पेरतात. अळीव चार दिवसांत तरारून येतो, म्हणून धनत्रयोदशीच्या आधी तेवढे दिवस धरूनच पेरणी करावी लागते. पाणी धारेने घातले तर तट खचतो. ते हाताने शिंपडायचे असते. बुरूज, महादरवाजा, पायऱ्या, तळे हे सगळे झाल्यावर शेवटी चित्रे मांडली जातात. त्या मांडणीवरून होणारी भांडणे मोठी गंभीर असतात. दरवाजावर कोणी उभे राहायचे, तोफ कोणत्या बुरुजावर चढवायची आणि वाघाची गुहा वस्तीपासून किती लांब असावी, याचा निर्णय एकमताने सहसा होत नाही.

ही चित्रे जिथे गणपती घडतात त्याच कारखान्यांत घडतात. पुण्यात कसबा पेठेजवळचा कुंभारवाडा त्यांच्या खरेदीसाठी जुना आणि प्रसिद्ध आहे. निगडी, आकुर्डी, चिंचवडगावात नवरात्रानंतर रस्त्याच्या कडेला पणत्यांबरोबर मावळ्यांच्या रांगा लागतात. पूर्वीची चित्रे शाडूची असत. मळलेली शाडू दोन भागांच्या साच्यात दाबून बसवायची, दोन्ही अर्धे जोडायचे, सांधा ओल्या बोटाने पुसायचा आणि सावलीत वाळू द्यायचे. ती भाजत नसत, त्यामुळे पाण्याचा हात लागला की विरघळत. पुढे प्लास्टर ऑफ पॅरिस आले. जिप्समचा दगड दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला की त्यातले बहुतेक पाणी निघून जाते आणि उरते ती पांढरी पूड. तिच्यात पाणी कालवले की ते पाणी पुन्हा आत बांधले जाते आणि काही मिनिटांत लगदा घट्ट होतो. रबरी साच्यात ओतायचे, बुडबुडे जावेत म्हणून साचा ठोकायचा, घट्ट झाल्यावर रबर सोलून काढायचे, एवढ्या वेळात साचा पुढच्या मावळ्यासाठी मोकळा होतो. शाडूच्या चित्राला वाळायलाच दिवस लागत.

मावळ्याची उभे राहण्याची ढब साचा ठरवतो, ही गोष्ट फाउंड्रीत किंवा टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला चटकन दिसते आणि आकुर्डी-भोसरी परिसरात अशी माणसे गल्लोगल्ली आहेत. ओतकामात पॅटर्न, म्हणजे वस्तूचा नमुना, वाळूतून वर उचलताना कडा ढासळू नये म्हणून त्याच्या बाजूंना थोडा उतार ठेवावा लागतो. आतल्या अंगाला वळलेला भाग साच्यात अडकतो. मावळ्याचेही तसेच आहे. दोन अर्ध्यांच्या कडक साच्यातून निघालेल्या मावळ्याची तलवार अंगाला चिकटलेली असते, ढाल छातीवर सपाट टेकलेली असते आणि दोन पायांच्या मध्ये मातीचा पडदा भरलेला राहतो. रबर वाकते, म्हणून रबरी साच्यातला मावळा हात थोडा दूर नेऊ शकतो, पुढे पाय टाकू शकतो. पण हवेत उगारलेली तलवार प्लास्टरमध्ये टिकत नाही. ती आत तार घालून करावी लागते किंवा पत्र्याची कापून मागाहून खोवावी लागते. भाल्याचेही तसेच, जुन्या भालेकऱ्यांच्या मुठीत म्हणूनच नुसते भोक असते आणि भाला म्हणून त्यात झाडूची काडी असते.

असा एक जुना शाडूचा मावळा तळहातावर घेऊन पाहावा. उंची बोटाएवढी, पाठ जवळजवळ सपाट, कारण गिऱ्हाईक त्याला समोरून पाहते. तळाची बैठक चौकोनी, तिच्यावर अंगठ्याचा ठसा राहिलेला. अंगरखा पिवळा, कमरेचा शेला लाल, पागोटे लाल. रंगाखाली खडूचा पांढरा हात दिलेला आहे, तो कोपराच्या टोकाशी झिजून दिसू लागलेला असतो. डाव्या कुशीवर सांध्याची बारीक रेघ. चेहऱ्याला नाक आहे, ओठ नाहीत. ओठांची जागा मिशीच्या दोन फटकाऱ्यांनी भरून काढलेली. डोळे मात्र नीट काढलेले असतात. पांढरा ठिपका, त्यात काळा ठिपका आणि वर भुवईची कमान. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाराच हात मावळ्याचे डोळे काढतो, आणि इतक्या स्वस्त वस्तूत ते कसब आलेले पाहून मन भरून येते. ज्याची विक्री रुपयांत मोजली जायची त्या चित्रासाठीही कोणीतरी श्वास रोखून एकेक बुबुळ टेकवले होते.

रंगकाम बहुतेक ठिकाणी घरातल्या बाया करतात. एकीने अंगाचा रंग द्यायचा, दुसरीने कपड्यांचा, तिसरीने दागिने, पट्टा आणि तलवार, आणि डोळे सर्वांत शेवटी. पूर्वी डिंकात खललेले पूड-रंग वापरत. ते मऊ, थोडे खडबडीत दिसत आणि ओल्या बोटाला लागत. आता तयार रंग आणि फवारणी यंत्र असते. त्याने काम भराभर होते, पण अंगरखा, हात आणि चेहरा यांच्या कडा एकमेकींत मिसळतात. हाताने रंगवलेला जुना मावळा आणि फवारलेला नवा मावळा शेजारी ठेवले तर जुना सरस ठरतो.

स्वस्त खेळणे जपणुकीची वस्तू कसे होते, याबाबत युरोपातल्या छंदाचा इतिहास बोलका आहे. न्यूरेंबर्गमध्ये अर्न्स्ट हाइनरिक्सनने 1839 साली आपला कारखाना सुरू केला. त्याच्या कथलाच्या चपट्या सैनिकांमुळे 30 मिलिमीटर हे माप रूढ झाले. लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने 1893 साली आतून पोकळ शिशाचे सैनिक ओतायची रीत काढली. साच्यात धातू ओतायचा, कडेचा थर गोठला की मधला पातळ धातू उलटून टाकायचा. त्यामुळे सैनिक हलका आणि स्वस्त झाला, आणि 54 मिलिमीटर हे त्याचे माप जगभर चालू लागले. एच. जी. वेल्सने 1913 साली अशा सैनिकांनी खेळायच्या लढाईवर ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तकच लिहिले. शिशाचे विष लक्षात आल्यावर ब्रिटन्सने 1966 साली शिशाचे सैनिक बनवणे थांबवले. तोवर हे खेळणे मोठ्या माणसांच्या काचेच्या कपाटांत जाऊन बसले होते.

त्या कपाटांत क्रुसेडच्या सरदारांना मानाची जागा मिळाली याचे एक कारण उघड आहे: ते रंगवायला सुंदर. टेम्पलर पंथाचा पांढरा झगा आणि लाल क्रूस, हॉस्पिटलर पंथाचा काळा झगा आणि पांढरा क्रूस, ट्यूटॉनिक पंथाचा पांढऱ्यावर काळा क्रूस, शिवाय प्रत्येक घराण्याची ढालीवरची निशाणी. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. हा छंद माणसाला अभ्यासाला बसवतो. 1099 साली जेरुसलेम घेणाऱ्या सरदाराच्या डोक्यावर नाकावर पट्टी असलेले उघड्या तोंडाचे शिरस्त्राण हवे. डबड्यासारखे पूर्ण बंद शिरस्त्राण त्यानंतर शंभरेक वर्षांनी आले. हॉस्पिटलरांना युद्धात लाल झगा घालायची परवानगी 1259 साली मिळाली, तेव्हा त्याआधीच्या लढाईतला हॉस्पिटलर लाल रंगवला तर जाणकार लगेच बोट ठेवतो. कड्यांच्या चिलखतावर गडद पातळ रंग सोडून तो खळग्यांत उतरवायचा आणि वरच्या कडांवर कोरड्या कुंचल्याने चांदी फिरवायची, हे कसब तर आहेच. पण त्या कसबाच्या आधी पुस्तके, थडग्यांवरची शिल्पे आणि जुन्या पोथ्यांतली चित्रे पाहणे आले.

मावळ्यांच्या बाबतीत हा अभ्यास फारसा झालेला नाही आणि ती खरी उणीव आहे. साचे एकावरून दुसरा असे निघत आले. आज बाजारात मिळणारा मावळा डोक्यापासून पायापर्यंत भगव्या गणवेशात असतो, आणि त्याच्या हातात नेहमी बाकदार तलवार असते. शिवकालीन पायदळाला एकसारखा गणवेश नव्हता. मुंडासे, आखूड अंगरखा किंवा बंडी, घट्ट चोळणा, कमरेला शेला आणि खांद्यावर घोंगडी असा ज्याला जसा जमेल तसा पोशाख असे. तलवारींमध्ये सरळ पात्याची धोप आणि फिरंग महत्त्वाची. फिरंगेची पाती युरोपातून किनाऱ्यावरच्या बंदरांत येत आणि त्यांना इथली मूठ बसवली जाई. क्रुसेडच्या सरदाराची आणि मावळ्याची तलवार दोन्ही सरळ, हे साम्य कोणत्याही साच्यात दिसत नाही. बंदूकधारी मावळा तर क्वचितच मिळतो. कोकणातले हेटकरी बंदुकीच्या अचूक नेमासाठी नावाजलेले होते आणि गडाच्या तटाला बंदुकांसाठी जंग्या ठेवलेल्या असत. त्या जंग्यांमागे उभा करायला एक तोड्याची बंदूक घेतलेला मावळा हवाच. पायदळाची रचनाही मांडून दाखवता येण्याजोगी आहे. सभासदाच्या बखरीत दहा जणांवर नाईक, पाच नाईकांवर हवालदार अशी उतरंड दिली आहे. म्हणजे पाच रांगा, प्रत्येकीपुढे एक नाईक आणि सगळ्यांपुढे हवालदार. बारा वर्षांच्या मुलाला ही मांडणी एकदा सांगितली की पुरते.

मापाच्या बाबतीत मात्र मावळ्यांना युरोपाचा नियम लावू नये. तिकडचा संग्राहक 54 मिलिमीटरच्या सैनिकाशेजारी 75 मिलिमीटरचा ठेवणार नाही. इथे सिंहासनावरचे महाराज महादरवाजापेक्षा उंच असतात, मावळा तटाच्या खांद्याला लागतो आणि गवळण हत्तीच्या निम्मी असते. हे अज्ञान नव्हे. भारतीय लघुचित्रांत आणि मंदिरांच्या शिल्पपटांत मुख्य व्यक्ती मोठी आणि इतर लहान काढण्याची जुनी रीत आहे. किल्ला करणारी मुले न शिकवता तीच पाळतात. महाराजांची मूर्ती लहान करून सगळे एका मापात बसवले तर किल्ला बिनचूक होईल आणि त्याचा जीव जाईल.

दुसरा फरक याहून खोल आहे. क्रुसेडच्या संग्रहाला दोन बाजू लागतात. सरदारांसमोर सुलतान सलादिनाचे घोडेस्वार नसतील तर 1187 ची हत्तीनची लढाई मांडता येत नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर शत्रू जवळजवळ नसतोच. अफझलखान वधाचा संच मिळतो, शाहिस्तेखानाचा प्रसंगही कुठे कुठे मांडतात, पण ते कोपऱ्यातले देखावे असतात. बाकी सगळ्या किल्ल्यावर शांतता असते. पहारेकरी पहारा देतात, खाली बाजार भरतो, विहिरीवर बाया पाणी भरतात, वारकऱ्यांची दिंडी वर चढत असते, गवळण दूध घेऊन निघालेली असते आणि ती पाहिली की रायगडाच्या हिरकणीची कथा कोणी ना कोणी सांगतेच. आकुर्डीच्या मुलांना या मिश्रणात काही वेगळे वाटत नाही. तुकोबांची पालखी देहूहून निघाल्यावर आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते, आणि जवळच निगडीच्या चौकात शिवराय व तुकोबांच्या भेटीचे भक्ती-शक्ती शिल्प आहे. त्यामुळे मावळा आणि वारकरी एकाच पायरीवर उभे करताना त्यांचा हात अडखळत नाही. या सैन्याला राखायला एक नांदती वस्ती दिलेली आहे, आणि खेळण्यातल्या सैनिकांच्या इतिहासात ही गोष्ट फार दुर्मीळ व फार मोलाची आहे.

खरा किल्ला पाहिलेल्या मुलांचा दिवाळीचा किल्ला वेगळा दिसतो. आकुर्डी स्टेशनवरून लोणावळ्याची लोकल धरली की मळवलीला उतरून भाज्यावरून लोहगडाची वाट लागते. लोहगडावर एकामागून एक गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे आहेत, आणि त्यांच्यामधली वाट अशी वळवलेली आहे की वर येणारा माणूस पावलोपावली तटावरच्या माऱ्याखाली असतो. ती वाट एकदा चढून आलेले मूल किल्ल्याला एकच दरवाजा ठेवत नाही आणि सगळे मावळे सिंहासनाभोवती गोळा करत नाही. ते त्यांना वळणांवर उभे करते. लोहगडाची पश्चिमेकडे पसरलेली विंचूकाट्याची सोंडही मग चिखलात उतरते. 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत लोहगड आहे. आकुर्डीच्या मुलांच्या वाट्याला असा गड लोकलच्या अंतरावर आला आहे, हे त्यांचे भाग्य.

राहिला प्रश्न जपणुकीचा. शिशाचे जुने सैनिक ओकच्या कपाटात ठेवले तर लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते आणि ते आतून खचतात. मावळ्यांचा शत्रू पाणी. प्लास्टर थोडे का होईना पाण्यात विरघळते, शाडू तर पुरतीच विरघळते, आणि आकुर्डीच्या पावसाळ्यात माळ्यावरच्या खोक्यालाही ओल येते. किल्ला मोडताना चिखल लागलेला मावळा नळाखाली धुण्याची चूक घरोघरी होते. रंग तिथेच जातो. चिखल आधी पूर्ण वाळू द्यावा आणि कोरड्या कुंचल्याने झाडावा. वर्तमानपत्राची शाई फिकट रंगांना लागते, तेव्हा आधी जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळून मग कागद लावावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नये, आत दमटपणा कोंडतो. तुटलेला हात फेकू नये. पांढऱ्या डिंकाने तो बसतो, आणि दुरुस्त केलेला मावळा संग्रहात कमी प्रतीचा ठरत नाही.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आज जे दिवे, अडकित्ते, भांडी आणि दरवाजे पाहायला लोक लांबून येतात, ते दिनकर गंगाधर केळकरांनी 1920 च्या सुमारास जमवायला सुरुवात केली तेव्हा घरोघरी पडलेल्या वापरातल्या वस्तू होत्या. कोणीतरी त्या वेळेवर उचलल्या म्हणून राहिल्या. किल्ल्यावरच्या चित्रांची आज तीच अवस्था आहे. हाताने डोळे काढलेले शाडूचे मावळे दर दिवाळीला थोडे थोडे कमी होत आहेत. ज्यांच्या माळ्यावर असा डबा असेल त्यांनी या दिवाळीला तो खाली काढावा. प्रत्येक चित्राच्या बैठकीखाली पेन्सिलीने साल, ते कुठल्या बाजारातून आणले ते ठिकाण आणि आणणाऱ्याचे नाव लिहावे. फोटो काढावेत, समोरून आणि पाठीमागूनही, कारण साच्याची ओळख पाठीवर राहते. घडवणारे कुंभार ओळखीचे असतील तर जुना साचा अजून आहे का ते विचारावे आणि त्यातून चार मावळे मुद्दाम शाडूचे काढून मागावेत. त्यांचे चार पैसे जास्त पडले तरी ते आनंदाने द्यावेत. आणि मुले किल्ला करायला बसतील तेव्हा जुन्यांतला एक तरी मावळा महादरवाजावर उभा करावा.